रुतलेल्या गाडीसाठी जॅक कोणता आणि केवढा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला मोठा पाऊस पडला की सत्तरी, सांगे, डिचोली, पेडणे अशा सगळीकडून हे प्रश्न येऊ लागतात. कुणाची थार कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वाटेवर पोटापर्यंत बसलेली असते, तर कुणी नवी जिमनी घेऊन ऑनलाइन जॅक शोधत असतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. ती गोव्याच्या जमिनीचा विचार करून लिहिली आहेत: जांभ्याचा लाल चिखल, खाणीकडची चिकट माती, व्हाळातले (ओढ्यातले) गोटे, खाजनातली (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतातली) भुसभुशीत काळी जमीन. राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखच्या खडीत यातल्या काही गोष्टी बदलतील.

१. गाडीसोबत जॅक आलेला आहे. मग वेगळा रिकव्हरी जॅक कशाला?

कंपनीचा जॅक सपाट, टणक रस्त्यावर पंक्चर झालेलं चाक बदलण्यासाठी असतो. बूड लहान, उचल कमी, आणि ठेवायची जागा ठरलेली. चिखलात गाडी रुतली की तिन्ही गोष्टी अडतात. बूड जमिनीत जातं, उचल पुरत नाही आणि ठरलेली जागा चिखलाखाली गेलेली असते. रिकव्हरी जॅकचं काम वेगळं आहे. चाक खड्ड्यातून वर काढायचं, त्याखाली दगड, फांद्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत पट्ट्या) भरायचे आणि गाडी परत खाली ठेवायची.

गाडी फक्त गावातल्या कच्च्या रस्त्यावर जात असेल तर आधी फावडं, टायरची हवा मोजायचं मीटर, छोटा कंप्रेसर आणि एक चांगली फळी घ्या. रुतलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा हवा कमी करून आणि चाकापुढची माती उपसूनच निघतात. जॅक त्यानंतर.

२. किती टनाचा घ्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. जॅक पूर्ण गाडी उचलत नाही. एक टोक उचललं तर साधारण अर्धं वजन येतं, एक चाक उचललं तर त्याहून कमी. जिमनीचं स्वतःचं वजन सुमारे १२०० किलो. नवी थार माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या आसपास जाते. फॉर्च्युनर रिकामीच दोन टनांच्या पुढे आहे. म्हणजे एका टोकाला सातशे किलोपासून सव्वा टनापर्यंत भार. त्यात चिखलाची ओढ मिळवा (प्रश्न ९ पाहा).

जिमनी आणि जिप्सीला खरा दोन टनाचा जॅक पुरतो. थार, गुरखा, फॉर्च्युनर यांना तीन टनाचा घ्या. पाच टनाचा बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर उचलणारा) घेऊन फायदा काही नाही. तो जड असतो, आणि बहुतेक वेळा त्याची किमान उंचीही जास्त असते, जी चिखलात नेमकी नडते. जॅक टनावर निवडू नका, उंचीवर निवडा. टनावर चुकलेले लोक क्वचित भेटतात, उंचीवर चुकलेले नेहमी.

३. मग उंची मोजायची कशी?

दोन आकडे लागतात. पहिला, जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची, म्हणजे तो फटीत शिरेल की नाही. दुसरा, तो जास्तीत जास्त कुठवर जातो.

पहिल्याचं उदाहरण जिमनीचं घेऊ. टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास जवळपास ६९ सेंटिमीटर. सपाट जमिनीवर एक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) नळीचा खालचा भाग साधारण २८ सेंटिमीटरवर येतो. चाक १५ सेंटिमीटर रुतलं की उरले १३. बाजारातला साधा तीन टनी बॉटल जॅक खाली असतानाच १८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो शिरणारच नाही, वर फळीची जाडी वेगळीच. म्हणून एक तर खणायचं, नाहीतर जॅक बुटका हवा.

दुसरा आकडा जास्त फसवा आहे. जॅक बंपरला किंवा चासीला (गाडीच्या पोलादी सांगाड्याला) लावला की आधी बॉडी वर येते, चाक जागेवरच असतं. स्प्रिंग पूर्ण सुटून सस्पेन्शन लोंबेपर्यंत चाक हलत नाही. ऑफ-रोड गाडीत ही लोंबकळ १५ ते २५ सेंटिमीटर सहज असते. म्हणून हिशेब असा करायचा:

लागणारी उचल = सस्पेन्शनची लोंबकळ + चाक रुतलेली खोली + चाकाखाली सामान भरायला हवी असलेली फट.

समजा लोंबकळ २०, खोली २०, फट १०. झाली ५० सेंटिमीटर उचल. बंपर सपाटीवर ५० सेंटिमीटरवर असेल तर रुतलेल्या गाडीत तो ३० वर आलेला असतो, आणि तिथून ५० वर न्यायचा म्हणजे जॅकची जीभ (गाडीला टेकणारा भाग) ८० सेंटिमीटरवर पोचली पाहिजे. बॉटल जॅक इथे कामाचा नाही. तोच बॉटल जॅक एक्सलखाली लावला तर लोंबकळीचे २० सेंटिमीटर हिशेबातून गळतात, कारण एक्सलबरोबर चाक लगेच वर येतं.

घरी, कोरड्या अंगणात, गाडी एकदा उचलून बघा. बॉडीला जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत बंपर किती वर गेला ते टेपने मोजा. तुमच्या गाडीची लोंबकळ तुम्हाला कळली. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही, आणि सगळी निवड त्याच्यावर उभी आहे.

४. हाय-लिफ्ट जॅक ३६, ४२, ४८ आणि ६० इंचांत मिळतो. कोणता?

हाय-लिफ्ट म्हणजे भोकांच्या उभ्या पट्टीवर हँडलने जीभ एकेक भोक वर चढवणारा उंच जॅक. त्या पट्टीची लांबी म्हणजे जॅकची साइज. त्यातून साधारण १० इंच वजा केले की खरी पोच कळते. ३६ इंची जॅक सुमारे ६६ सेंटिमीटरपर्यंत जातो, ४२ इंची ८१, ४८ इंची ९६, ६० इंची १२७. प्रश्न ३ मधल्या उदाहरणात ८० लागत होते. ३६ इंची तिथे अर्ध्यावर थांबेल, ४२ इंची अगदी काठावर, ४८ इंची आरामात.

कंपनीच्या सस्पेन्शनवरच्या थार, गुरखा, जिप्सीला ४८ इंचीच घ्या. ६० इंची फक्त उंच केलेल्या आणि मोठ्या टायरच्या गाडीसाठी. त्यातही दोन अडचणी आहेत. वरच्या टोकाकडे क्षमता कमी धरावी असं उत्पादकच सांगतात, आणि गाडी जितकी वर तितका जॅक डळमळतो. ४२ इंची घ्यायचं एकच खरं कारण म्हणजे ठेवायला जागा नसणं. ४८ इंची जॅक १२२ सेंटिमीटर लांब आणि साधारण १३ किलो वजनाचा असतो. जिमनीच्या डिकीत तो बसेल असं गृहीत धरू नका, मोजून बघा.

५. माझ्या जिमनीला किंवा थारला हाय-लिफ्ट लावायचा कुठे? पुढेमागे तर प्लास्टिकच आहे.

हा प्रश्न लोक जॅक घेतल्यावर विचारतात, तो आधी विचारायला हवा. हाय-लिफ्टची जीभ अरुंद आणि सपाट असते. तिला खाली सपाट, चासीला घट्ट जोडलेलं पोलाद लागतं. आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे. पायदान बहुतेक वेळा पातळ पत्र्याचं किंवा पाइपचं. ते वाकतं किंवा जीभ घसरते. जुन्या जिप्सीला आणि जुन्या थारला पोलादी बंपर होते, म्हणून तेव्हाचे व्हिडिओ पाहून आजची गाडी उचलू नका.

पर्याय तीन. चासीला बोल्ट केलेले खरे रॉक स्लायडर (दाराखालचे मजबूत पोलादी नळ) लावले तर बाजूने उचलता येतं. चाकाच्या रिमच्या भोकांत अडकणारे हूक आणि पट्टे मिळतात. त्यांनी सरळ चाकच वर येतं आणि लोंबकळीचा प्रश्न संपतो, फक्त मडगार्डला जॅकची पट्टी घासते का ते पाहावं लागतं. तिसरा पर्याय पोलादी बंपरचा. तो लावण्याआधी ध्यानात घ्या की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर (बंपरपुढच्या पोलादी चौकटींवर) मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. केवळ जॅकसाठी तो खर्च आणि ती कटकट कशाला?

या तिघांपैकी काहीच करायचं नसेल तर हाय-लिफ्ट घेऊ नका. प्रश्न ६ वाचा.

६. बॉटल जॅकवर भागेल का?

गोव्यातल्या बहुतेक गाड्यांना भागतं, आणि माझी पहिली शिफारस तीच आहे. दोन टप्प्यांचा, म्हणजे आतून दुसरा दट्ट्या निघणारा तीन टनी बॉटल जॅक बघा. त्याची किमान उंची कमी असूनही उचल चांगली मिळते. एक्सलखाली लावायचा, सोबत दोन जाडीचे लाकडी ठोकळे ठेवायचे. थोडं उचला, चाकाखाली भरा, जॅक खाली घ्या, त्याच्याखाली ठोकळा सरकवा, पुन्हा उचला. वेळ लागतो, पण गाडी फार उंच जात नाही म्हणून डळमळत नाही.

जिमनीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, त्यामुळे चारही चाकांना ही पद्धत चालते. नव्या थारला अखंड एक्सल फक्त मागे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे खालच्या आर्मवर (चाकाला धरणाऱ्या दांड्यावर) कुठेही जॅक टेकवू नका. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली जागाच वापरा. डिफरन्शियलच्या (एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) गोल भांड्याखाली लावणं टाळा, दट्ट्या घसरतो.

बॉटल जॅक उभाच ठेवा. आडवा पडून राहिला की तेल गळतं आणि आत हवा शिरते, मग ऐन वेळी तो नुसता वरखाली होतो.

७. जॅकच्या खाली काय ठेवायचं? चिरा चालेल का?

चिरा ठेवू नका. जांभा दगड भिंतीत भार छान घेतो कारण तिथे तो सगळ्या अंगावर पसरतो. जॅकचं छोटं बूड मधोमध टेकलं की चिरा दुभंगतो, पावसात भिजलेला तर लगेच. आधी बारीक लाल भुगा कडेने सुटतो, मग एक केसाएवढी रेघ जाते, आणि त्यानंतर काही करायला वेळ मिळत नाही. रेघ दिसताच जॅक खाली घ्या.

हिशेब सोपा आहे. हाय-लिफ्टचं बूड साधारण ४ गुणिले ७ इंच, म्हणजे १८० चौरस सेंटिमीटर. त्यावर ६०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या वर. मऊ चिखल हे पेलत नाही. खाली ४५ गुणिले ४५ सेंटिमीटरची फळी घातली की तोच भार ०.३ किलोवर येतो. १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवून, स्क्रू मारून वापरा. फणसाची जाड फळी मिळाली तर उत्तमच. बूड घसरू नये म्हणून कडेने लाकडी पट्ट्या ठोका. फळी हा जॅकचाच भाग समजा. जॅक आहे आणि फळी नाही, अशी गाडी चिखलात जाऊच नये.

८. सायलेन्सरच्या धुराने फुगणारा जॅक कसा असतो?

जाड कापडी पिशवी गाडीखाली सरकवायची, नळी सायलेन्सरला लावायची आणि इंजिन चालू ठेवायचं. बूड मोठं असल्यामुळे चिखलात आणि वाळूत ती बुडत नाही, आणि कुठलाही पोलादी बंपर लागत नाही. खाजनासारख्या जमिनीत ही खरोखर कामाची वस्तू.

पण गोव्याच्या रानात टोकदार जांभा आणि बांबूचे बुडखे असतात. पिशवीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाड रबरी चटई घाला. गरम सायलेन्सरला ती टेकू देऊ नका. सायलेन्सरला भोक असेल तर दाब तयार होत नाही. आणि धूर साचतो म्हणून बंद जागी, काचा उघड्या असताना आत कुणाला बसवून हा जॅक वापरायचा नाही. दोन सायलेन्सर असलेल्या गाडीला एक बंद करावा लागतो.

९. चिखल चाकाला धरून ठेवतो, जॅक लावूनही गाडी वर येत नाही. मोठा जॅक घेऊ?

घेऊ नका. चिकट मातीत चाक वर ओढताना खाली पोकळी तयार होते, आणि तिथे हवा शिरली नाही तर माती चाक सोडत नाही. जोर वाढवला तर फळी खाली जाते किंवा एकदम सुटून गाडी उसळते. चाकाच्या दोन्ही बाजूंनी पहारीने भोकं पाडा, माती बाजूला करा, हवा जाऊ द्या. मग दोन झटके उचला, थांबा, पुन्हा दोन झटके. थांबल्यावर माती हळूहळू सोडते. खाणीकडच्या लाल मातीत हा धीर फार उपयोगी पडतो.

१०. हाय-लिफ्टचं हँडल लागून लोक जखमी होतात म्हणे. खरं आहे?

खरं आहे, आणि इथे काळजीत काटकसर करू नका. भार जॅकवर असताना हँडल आडवं असेल आणि हात सुटला, तर ते जबड्याच्या उंचीवर जोराने वर येऊ शकतं. खाली उतरवताना हा धोका सर्वात जास्त.

वर-खालीची दिशा बदलणारा खटका फिरवण्याआधी हँडल उभं करून पट्टीला टेकवा, क्लिप लावा, मगच खटका हलवा. दोन्ही हातांनी हँडल धरा, चेहरा आणि छाती त्याच्या वाटेच्या बाहेर ठेवा. अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका. खाली घेताना भार फार हलका झाला की जीभ टप्प्याटप्प्याने न उतरता एकदम घसरते, हेही माहीत असू द्या. मुलं आणि बघे चार-पाच मीटर लांब.

जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हातसुद्धा घालायचा नाही. चाकाखाली दगड भरताना फावड्याने ढकला.

११. चढावर किंवा उतारावर गाडी रुतली तर?

शक्य असेल तर जॅक वापरू नका, दुसऱ्या गाडीने किंवा विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढा. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या बाजूच्या वाटांवर जिथे जागाच नाही, तिथे आधी गाडी बांधा. चासीच्या हुकातून पट्टा झाडाला घ्या, मग उचला.

हँडब्रेकवर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, आणि मागचंच टोक उचललं तर उपयोग शून्य. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते फिरू शकतं आणि त्याच एक्सलवरचं दुसरं चाक सुटतं. म्हणून फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाका आणि गिअर लावा. त्यामुळे दुसरा एक्सलही अडकतो. शिवाय जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गोल गोटे लावू नका, ते गाडीबरोबरच घरंगळतात.

१२. गाडी उंच केली आहे, टायरही मोठे. जॅक बदलावा लागेल?

प्रश्न ३ ची मोजणी पुन्हा करा. नवी स्प्रिंग लांब असली की लोंबकळ वाढते, त्यामुळे बंपर जितका वर गेला त्याहून जास्त उचल लागते. जॅक बदलण्याआधी एक स्वस्त उपाय करून बघा: उचलण्याआधी एक्सल आणि चासी रॅचेट पट्ट्याने एकत्र बांधा. स्प्रिंग सुटत नाही, चाक लगेच वर येतं, आणि ६० इंची जॅकची गरज बऱ्याचदा उरत नाही. पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा वायरवरून जात नाही ना, ते पाहा.

१३. माझ्याकडे क्रेटा किंवा नेक्सॉनसारखी गाडी आहे. हाय-लिफ्ट घेतला तर?

घेऊ नका. या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं पेलते. दाराखालच्या ठरलेल्या खुणांशिवाय कुठेही उचललं तर पत्रा चेपतो. बुटका बॉटल जॅक किंवा कंपनीचाच जॅक, खाचेचा रबरी ठोकळा आणि मोठी फळी इतकंच ठेवा.

१४. किनाऱ्यावर वाळूत गाडी अडकली तर कोणता जॅक?

गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, गुन्हा नोंदवला जातो आणि गाडीही जप्त होऊ शकते. भाड्याच्या गाड्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगा. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये अडकलात तर आधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा आणि चाकामागची वाळू उपसा. जॅक लागलाच तर प्रश्न ७ मधली फळी वाळूत थोडी पुरून, समपातळीत बसवा.

१५. खाजनाच्या बांधावर चाक कडेला घसरलं. उचलू का?

बांधावर जॅकचा भार कडेवर येतो आणि माती बाहेर सरकते. गाडीबरोबर बांधही जातो, आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं तर नुकसान तुमच्या गाडीहून मोठं. सामान आणि माणसं उतरवा, बांधाच्या लांबीच्या दिशेने ट्रॅक्टर किंवा दुसऱ्या गाडीने ओढा. जॅक लावायचाच असेल तर बांधाच्या मधल्या बाजूला, फळीवर, आणि उचल अगदी कमी.

१६. नवा किंवा जुना जॅक घेताना काय तपासू?

हाय-लिफ्टच्या नकला खूप आहेत. पट्टी सपाटीवर ठेवून सरळ आहे का बघा. भोकांच्या कडा झिजलेल्या किंवा लांबट झालेल्या असतील तर घेऊ नका. दोन्ही क्लायंबिंग पिना (पट्टीच्या भोकांत शिरणाऱ्या) हाताने दाबल्या की स्प्रिंगने झटकन परत यायला हव्यात. शिअर बोल्ट मूळचाच आहे का विचारा. ठरावीक भारापलीकडे गेल्यास तो तुटावा असाच बनवलेला असतो. त्याजागी हार्डवेअरच्या दुकानातला कठीण बोल्ट घातला की सुरक्षा गेली.

बॉटल जॅक दुकानातच भार देऊन दहा मिनिटं सोडा. उतरला तर परत करा.

१७. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत जॅक टिकवायचा कसा?

हाय-लिफ्ट गाडीच्या बाहेर बांधून ठेवला तर गोव्यात एका पावसाळ्यात पिना अडकतात. आत ठेवा, घट्ट बांधून. १३ किलोचं सुटं लोखंड अपघातात माणसांवर येतं. बाहेरच ठेवायचा असेल तर यंत्रणेच्या भागाला झाकण घाला. दर वापरानंतर गोड्या पाण्याने चिखल धुवा, वाळवा, पिना आणि स्प्रिंगवर पातळ तेल फवारा. ग्रीस लावू नका, त्यात लाल माती बसते आणि पिना भोकात पूर्ण शिरत नाहीत. पिन अर्धवट शिरलेली असताना भार दिला तर जॅक सुटतो.

१८. व्हाळात मधोमध अडकलो आणि पाणी वाहतंय. जॅक लावू?

पाणी चढत असेल तर गाडी सोडा आणि माणसं काठावर न्या. घाटमाथ्यावर पाऊस झाला की खालच्या व्हाळाला इथे थेंब नसतानाही पाणी येतं. पाणी स्थिर, घोट्याइतकं असेल तरच उचलण्याचा विचार करा. गोट्यांवर फळी डुगडुगते, म्हणून आधी हाताने तळ चाचपून मोठे गोटे काढा आणि फळी सपाट बसवा. बुडालेल्या फळीवर जॅकचं बूड नीट टेकलंय का ते डोळ्यांना दिसत नसेल, तर उचलू नका, ओढणारी गाडी बोलवा.